पाण्याचं कडं

दूध उकळायचं तर ते चांगलं चटका बसेल इतकं तापलं पाहिजे, असं आपण सगळे धरून चालतो. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी वर्गात सांगितलं, की भांड्यातली हवा काढून घेतली तर दूध कपातल्या चहाइतकंही तापलेलं नसताना खदखदा उकळतं. तर मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. एकानं विचारलं, "मॅडम, तुम्ही पाहलं का?" पाहिलंय, म्हटलं, तुझ्याच वयाची असताना काचेला नाक लावून पाहिलंय. पुढे नोकरीभर मी तो धडा शिकवत आले आणि दर वर्षी मला तेच दूध दिसायचं, भांड्याला बसवलेली ती गोल काच दिसायची आणि काचेशेजारी हात पुसत उभे असलेले बाबा दिसायचे. आता शिकवायला कोणी उरलं नाही. नातवंडांना सांगायला जावं तर ती मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून मलाच दाखवतात. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं.

बाबा देऊळगाव राजाच्या बाहेर, जालन्याच्या रस्त्याला एका दुधाच्या कारखान्यात कामाला होते. आसपासच्या खेड्यांतून दूध यायचं, ते आटवून कॅनमध्ये भरलं जायचं आणि मिठाईवाल्यांकडे जायचं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आमची वस्ती होती. वस्तीतले पुष्कळ पुरुष तिथेच कामाला, पण सगळे अंगणात: कॅन उतरवायचे, कॅन धुवायचे, पुन्हा गाडीत चढवायचे. बाबांनीही सुरुवातीची बरीच वर्षं कॅनच धुतले. मग एकदा पंप दुरुस्तीला आलेल्या फिटरला हाताखाली माणूस लागला आणि बाबांनी नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते दाखवलं, असं काहीतरी झालं. नक्की काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण ही गोष्ट माय दर वेळी वेगळी सांगायची. एवढं खरं, की आमच्या वस्तीतून यंत्राला हात लावणारे बाबा पहिले. त्यांना खाकी शर्ट मिळाला. माय तो वेगळा धुवायची, वेगळ्या दोरीवर वाळत घालायची आणि वाळेपर्यंत दोनदा तरी बाहेर येऊन बघून जायची. मी म्हणायची, माय, तो शर्ट कुठं पळून नाही जाऊन राहला. तर ती माझ्यावरच खेकसायची.

पंपाचा आवाज आमच्या घरात भिंतीतूनच यायचा. सारखा, एका पट्टीतला, आणि त्याच्या आत पाणी घुसळल्याचा एक बारीक आवाज. आम्हाला तो ऐकू यायचा नाही, म्हणजे ऐकून ऐकून तो आवाज आहे हेच विसरायला झालेलं. पण जरा बदलला की मायचा भाकरी थापणारा हात जागच्या जागी थांबायचा. "काय झालं वं?" ती भिंतीला विचारायची. थोड्या वेळानं आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला की भाकर तव्यावर पडायची. घर दोन खोल्यांचं. चुलीवर बहुतेक दिवस चून, म्हणजे पिठलं, आणि भाकर, कधी अंबाडीची भाजी, आणि पाट्यावर रगडलेला लाल मिरचीचा ठेचा. बाबांना ठेचा इतका लागायचा की डब्यात तो विसरला तर ते दुपारी काही न बोलता संध्याकाळी घरात बोलायचे. मी शाळेतून आले की डबा घेऊन जाणं हे माझं काम होतं आणि ते मी कोणाला करू दिलं नाही. पंपघरात जायला मिळायचं ना त्यानिमित्तानं.

पंपावरच्या पाटीचं इंग्रजी बाबांना वाचता यायचं नाही. मी सातवीत असताना ते वाचून दाखवलं: लिक्विड रिंग व्हॅक्यूम पंप. त्यांनी ते तीन-चार वेळा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. पण आत काय चालतं ते त्यांना पाटी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळत असावं. एका संध्याकाळी त्यांनी मला अंगणात बादलीभर पाणी घेऊन बसवलं आणि त्यात मायची ताकाची रवी फिरवायला लावली. पाणी कडेला चढलं, मध्ये खड्डा पडला. "हे पाह्य," बाबा म्हणाले, "पाण्याचं कडं झालं. आता रवी अशी एका अंगाले घे." पंपात तसंच असतं. एक गोल डबा, त्यात पात्यांचं चाक, पण चाक डब्याच्या मधोमध नाही, जरा वर सरकवून बसवलेलं. डब्यात थोडं पाणी सोडायचं आणि चाक फिरवायचं. पाणी भिंतीकडे फेकलं जातं आणि भिंत धरून फिरत राहतं. कडं डब्याच्या मधोमध, चाक मात्र एका अंगाला; म्हणून वरच्या बाजूला पाणी पात्यांच्या मुळापर्यंत घुसतं आणि खालच्या बाजूला मागे हटतं. दोन पात्यांमधली जागा खाली जाताना मोठी होते, तेव्हा ती दुधाच्या भांड्यातली हवा ओढून घेते. वर येताना लहान होते, तेव्हा तीच हवा बाहेर ढकलते. हवा गेली की दूध बॉयलरच्या थोड्याशा वाफेवर उकळतं, करपत नाही, पांढरं राहतं. माय उंबऱ्यात गहू निवडत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे राबते पाणी अन् नाव होते चाकाचं." बाबा "हाव" म्हणाले, आणि दोघं का कोण जाणे बराच वेळ हसत बसले.

पाण्यावरच सगळा खेळ असल्यामुळे पाण्याचंच सगळं बघावं लागायचं. पाणी गार हवं. उन्हाळ्यात टाकी तापली की पंपाची ओढ कमी व्हायची, म्हणून बाबा टाकीभोवती गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचे. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, तव्यावर थेंब वाळला तरी पांढरा डाग ठेवणारं. त्याचा थर पंपाच्या आत बसायचा. काही महिन्यांनी पंप उघडून, सौम्य ॲसिडनं तो विरघळवून, पात्यांच्या खाचा लाकडी काडीनं साफ कराव्या लागायच्या. लोखंडी काही घातलेलं बाबांना चालायचं नाही. चाकाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे दोरीची पॅकिंग असायची, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळलंच पाहिजे, असा नियम. नव्या माणसाला वाटायचं गळतंय, आवळा. बाबा म्हणायचे, आवळलं की दोरी जळते आणि दांड्याला चरे पडतात; थोडं गळू द्यावं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला, असं ते रोज सकाळी पंपाला टेकून उभे राहायचे. मी एकदा चिडवलं होतं, की मायचं इतकं कधी ऐकलं नाही तुम्ही. आणखी एक नियम होता, तो मला पाठ होता: सुरू करण्याआधी पंपातलं पाणी दांड्याच्या मध्यापर्यंतच हवं, आणि पंप चालू असताना पाण्याचा कॉक अडीच फेरे उघडा हवा. कमी पाणी दिलं तर कडं पातळ होतं, पंप तापतो. जास्त दिलं तर चाकाला ते सगळं ओझं फिरवावं लागतं आणि मोटर दम टाकते.

पंपातून हवेबरोबर जे पाणी बाहेर पडायचं ते एका पाइपातून भिंतीच्या बाहेर जायचं. चांगलं स्वच्छ, किंचित कोमट. कारखान्याच्या दृष्टीनं ते वाया गेलेलं पाणी. आमच्या वस्तीच्या दृष्टीनं तो नळ होता. बायकांनी पाइपाखाली दगड लावून घेतले होते आणि दिवसभर तिथे धुणं चालायचं. त्यांचं बोलणं पाइपाच्या भोकातून पंपघरात यायचं आणि आतल्याचं बाहेर जायचं, त्यामुळे वस्तीतली कुठलीच बातमी बाबांना जुनी मिळायची नाही. या सगळ्यांच्या पुढारी आमच्या शेजारच्या कौसामावशी. त्यांनी हाक मारली की ती रस्त्यापर्यंत पोचायची.

वैशाख पौर्णिमेचा आदला दिवस. पौर्णिमेला विहारात जायचं ते पांढऱ्यातच, लहान पोर असो की म्हातारी. त्यामुळे आदल्या दिवशी अख्ख्या वस्तीचं पांढरं धुणं निघायचं, घरं सारवायची असायची, विहार धुवायचा असायचा. आणि नेमका त्या वर्षी पाण्याचा टँकर आलाच नाही. सकाळपासून पाइपाखाली रांग. मी डबा घेऊन गेले तेव्हा मायचा हात रांगेत उभं राहून राहून बादलीच्या कडीनं लाल झालेला होता आणि तिचा नंबर यायला अजून सहा-सात जणी होत्या. बाबा सकाळपासून उपाशी. भांडं भरलेलं, दूध काचेमागे छान उकळत होतं. ते म्हणाले, "सुमे, दहा मिनिटं बस. मी हात धुतो अन् खाऊन घेतो. कायलेच हात लावू नको." हे ते अधूनमधून करायचे. मी पंपाची राखण करायची आणि ते बॉयलरच्या पलीकडे सावलीत बसून जेवायचे. मी अकरावीत होते, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायचं ते वय होतं.

ते गेल्यावर थोड्याच वेळात पाइपातून कौसामावशींचा आवाज आला. "कोण हाये आत? सुमी काय?"

"हाव."

"थोडं मोठं सोड न वं पाणी! पांढरी लुगडी हायेत साऱ्यांची. तुह्या मायचंबी हाये."

मी कॉकला एक फेरा दिला. बाहेर धार मोठी झाल्याचं ऐकू आलं. बायका ओरडल्या, हसल्या, कोणीतरी माझं नाव घेऊन म्हणालं, बापापेक्षा पोरगी बरी. आता खरं सांगते, त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढे कुठल्याही बक्षिसानं वाटलं नाही. मी दुसरा फेरा दिला. मग तिसरा. पंपाचा आवाज खाली बसला, जड झाला. पॅनेलवरचा मोटरच्या भाराचा काटा लाल रेघेकडे सरकलेला मी पाहिला, आणि पाहूनही मला वाटलं, अजून मिनिटभर चालेल. मग खट् असा आवाज आला आणि पंप बंद पडला.

दूध भांड्यात असताना ती शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. काचेमागचं दूध एकदम निजलं, सपाट झालं. भांडं तापवणारी वाफ चालूच होती. वाफेचा कॉक माझ्यापासून चार पावलांवर होता, तो बंद करायचा हे मला माहीत होतं, आणि मी नुसती उभी राहिले. बाबा धावत आले, उजवा हात चून-भाकरीनं भरलेला. त्यांनी डाव्या हातानं वाफ बंद केली. पंपाचं बटण दाबलं. पंप हुंकारला आणि पुन्हा खट्. तेव्हा त्यांनी पाण्याच्या कॉककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कॉक बंद केला, पंपाच्या तळाचं बूच काढलं आणि आम्ही दोघं ते साठलेलं पाणी वाहून जाण्याची वाट बघत बसलो, दांड्याच्या मध्यापर्यंत खाली येईपर्यंत. बाहेरून कौसामावशी विचारत होत्या, "काऊन बंद झालं वं?" पंप परत सुरू झाला तोवर दूध तळाला लागलं होतं. काचेतून त्याचा रंग मळकट तांबूस दिसायला लागला आणि करपल्याचा वास अंगणापर्यंत गेला. त्या वासामागोमाग मॅनेजर साहेब आले. बाबांनी मला मागच्या दारानं आधीच काढून दिलं होतं. दाराआडून मी ऐकलं.

"पाणी कोणी वाढवलं?"

"मीच साहेब. ध्यान नाही राहलं."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. सगळी वस्ती पांढरी स्वच्छ होऊन विहारात बसली होती, कौसामावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला पदर दाखवत होत्या, मोठ्या पातेल्यात खीर झाली होती. बाबा ओळीत बसून खीर वाढत होते. त्यांना उद्यापासून कॅन धुवायला लावलंय हे घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. माझ्या द्रोणातली खीर मी शेजारच्या पोराला दिली. मायनं ते पाहिलं आणि नजर वळवली. घरी आल्यावर तिनं खाकी शर्ट घडी करून पेटीत ठेवला, अगदी हळू, आणि मला कळेना की रडायचा हक्क त्या घरात कोणाचा आहे.

पंपावर जालन्याहून एक माणूस आला. त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं, की पाणी जास्त झाल्यानं घोटाळा झाला, म्हणून त्यानं कॉक जेमतेम एक फेरा ठेवला. पाइपाची धार करंगळीएवढी झाली आणि येणारं पाणी हात धरवेना इतकं कढत. दोन दिवसांनी भिंतीतून निराळाच आवाज यायला लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. बाबा जेवायला बसायचे आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. "गोटे वाजून राहले," ते म्हणायचे. "पाण्याची वाफ होऊन राहली आतमंधी. पातं खाते ते. तुटन एखांद्या दिशी." त्यांनी त्या माणसाला जाऊन सांगितलं होतं. तो म्हणाला, तू कॅन धू. मी विचारलं, बाबा, मी साहेबाले खरं सांगू का? त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "काहीच सांगायचं नाही. मी बोललो ते बोललो."

मला वाटलं, ते मला वाचवतायत. मला वाटलं, मी खरं सांगितलं की साहेब मला रागावतील, बाबांना परत पंप देतील, संपलं. आठ दिवस मी हे मनात घोळवलं आणि नवव्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. साहेब बुलढाण्याकडचे, कमी बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. मी एका दमात सांगून टाकलं, की कॉक मी उघडला होता, बायकांनी पाणी मागितलं म्हणून, आणि बाबांचा यात काही दोष नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग त्या वेळी तुझा बाप, भगवान, कुठे होता?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॉक चुकून जास्त उघडला, ही चूक होती. तिला कॅन धुण्याची शिक्षा होती. पण दूध उकळत असताना, वाफ चालू असताना, यंत्र एका पोरीच्या हवाली करून जाणं, याला कारखान्यात एकच शिक्षा होती, कामावरून काढून टाकणं, आणि ती बाबांना पहिल्या मिनिटापासून माहीत होती. ते मला वाचवत होते हे खरंच, पण चूल पण वाचवत होते, आणि मी येऊन ती त्यांच्या हातून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. आजही एखादं मूल खरं बोलून टाकल्याच्या आनंदात माझ्यासमोर उभं राहिलं, की मला आधी त्याच्या आई-बापाची काळजी वाटते.

साहेबांनी बाबांना बोलावणं पाठवलं. ते ओल्या हातांनी आले, मला पाहिलं आणि सगळं समजले. "पोरीला बसवून जेवायला गेला होतास?" साहेबांनी विचारलं. बाबा खाली न बघता म्हणाले, "हो साहेब. भूक लागली होती. खोटं मी बोललो, तिचं काही नाही." पंपघरातून खड्यांचा तो आवाज येतच होता. साहेबही तो ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "हे काय वाजतंय रोज?" बाबांनी सांगितलं. पाणी कमी, कडं पातळ, आत वाफेचे बुडबुडे फुटतायत, आज पंप उघडला तर पाती वाचतील. साहेब उठले. तिघं पंपघरात गेलो. बाबांनी विचारल्याशिवाय कॉकला हात लावला नाही. साहेबांनी मान हलवल्यावरच फिरवला, आणि आम्ही उभं असतानाच आवाज हळूहळू निवत गेला. बाबांनी पंपाच्या अंगावर तळहात ठेवला होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

संध्याकाळी पंप उघडला. दोन पात्यांना खड्डे पडले होते, बाकी शाबूत होती. आवाज ओळखणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून नोकरी राहिली आणि बाबांना पंप परत मिळाला. साहेबांनी दोन अटी घातल्या: जेवण पंपाजवळच करायचं, आणि मुलगी फाटकाच्या आत दिसता कामा नये. मायनं पेटीतून शर्ट काढला. त्या रात्री ताटावरून उठता उठता बाबांनी एवढंच विचारलं, "लुगडी पांढरी निंगाली होती का साऱ्यांची?" मी हो म्हटलं. ते हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी फाटकापाशी थांबले. आत जायचं नव्हतं. पंपाचा आवाज तिथवर येत होता, स्वच्छ, एका पट्टीतला, आणि आता तो मी बाहेरूनच ऐकणार होते. बाबा शर्टाला हात पुसत आले आणि डबा घेतला. परत वळले, मग थांबले.

"तू खरं बोलली," ते म्हणाले, "म्हणून मी आत हाओ अन् तू भाईर. मले नाही आवडलं ते." डब्याची कडी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "पण म्या खोटं बोललो त्या आठ दिवसांत मले जेवण गोड नाही लागलं पोरी. आज लागन."

मी मान हलवली. त्यांना लवकर जायला हवं होतं, पंपाजवळ कोणी नव्हतं. फाटक मीच ओढून घेतलं.